विलासच्या दोन खिडक्या

विलास गेल्याचा फोन पेणच्या दुकानात आला. त्याच्या मेहुण्याला ‘निघतो’ म्हटलं आणि... निघालोच नाही. रोहा काही लांब नाही, पण रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्याच्या घराची पायरी चढायला मला तोंड नव्हतं.

दुकान आम्हा दोघांचं होतं. संगणकावर मराठी मजकूर लिहायचा एडिटर विलासने स्वतः बनवला होता. मी तो वकिलांना, छापखान्यांना विकायचो. एकदा हमरापूरला गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात बसलो होतो. रंग मारताना कारागीर बाईंच्या पुढ्यात एकच गणपती होता. डोळ्यांची आखणी करायची वेळ आली, तशी त्यांनी नमुन्याची मूर्ती शेजारी ओढून घेतली. विलास ते बघत होता. थोड्याच दिवसांत एडिटरमध्ये एक बटण आलं. दाबलं की पडद्याचे दोन भाग, वर जुना मजकूर, खाली नवा; पुन्हा दाबलं की एकच अख्खी खिडकी. ज्याला हवी तशी मांडणी. मी म्हटलं, “कशाला नसती भानगड? एक खिडकी पुरे.”

“तुझ्या घराला एकच खिडकी हाय, म्हणून जगानं गुदमरायचं का रे, सुधाकर?”

रोह्यात एका वकिलांकडे टायपिंग करणाऱ्या मालतीताईंचा हात चुकून त्या बटणावर लागोपाठ दोनदा पडला. मजकूर दुसऱ्या खिडकीत गेला, समोर नवी कोरी खिडकी पडदाभर. पुसलं गेलं असं समजून त्यांनी अख्खं खरेदीखत पुन्हा टाइप केलं. मग मला फोन. “अवो भाऊ, माझा कागद गिळला ना तुमच्या मशीननं!” गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं, विलास गावी असताना, मी ते बटणच काढून टाकलं आणि तशाच कॉपी वाटल्या. त्याला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. त्याला कळलं. काही दिवसांनी एवढंच म्हणाला, “मला रोह्यात कंपनीत काम मिळतंय. शिफ्ट हाय, पण घर जवळ.” मी अडवलं नाही. पुढे लोकांना सांगत राहिलो, नोकरी लागली म्हणून गेला. ते खरं नाही. त्याचं काम मी त्याच्या पाठीमागे कापलं, म्हणून तो गेला.

बारावं झाल्यावर अखेर गेलो. विलासच्या बायकोनं, वहिनींनी चहा दिला. मालतीताई भेटायला आल्या होत्या. वहिनींसमोरच मी सगळं बोलून टाकलं. मालतीताई चकित झाल्या.

“काढलंत कुठं? माझ्याकडं हाय की! विलासभाऊ कंपनीत लागले तेव्हाच मी त्यांना कागद गिळल्याचं सांगितलेलं. शिफ्ट सुटल्यावर आले, बटण परत घालून दिलं. म्हणाले, सुधाकरला बोलू नका, त्याला वाईट वाटंल.”

वहिनींनी मान खाली घातली. त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालतीताईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी बटण दाबलं. दोन खिडक्या, आणि तळाशी विलासने घातलेली एक ओळ : ‘मजकूर गेला नाही, दुसऱ्या खिडकीत आहे.’ बस, एवढंच हवं होतं. तक्रार त्याला सांगितली असती तर चहा निवायच्या आत त्यानं ती लिहिली असती...

मालतीताईंचं त्या ओळीकडे लक्षही नव्हतं. वरच्या खिडकीतली जमिनीची जुनी चतुःसीमा, चारी बाजूंच्या हद्दी बघायच्या, खाली नवी लिहायच्या. “बसा की भाऊ,” न वळताच म्हणाल्या. मी बसलो. दस्त पुरा झाला, तशी त्यांची करंगळी आपसूक बटणावर गेली आणि पडदा अख्खा झाला.