टिंबवाल्या बाईंची सही

नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात एकेचाळीस माणसं, आणि सगळ्यांचं काम एकाच मोठ्या संगणकावर. प्रत्येकाला त्यावर स्वतःचा एक फोल्डर. तो संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'टिंबवाल्या बाई' म्हणतात. फाइलच्या नावाआधी टिंब दिलं की ती यादीत दिसत नाही, आणि बाई चौदा वर्षं ती टिंबं शोधत आहेत.

कुणी खासगी पत्र लपवलं तर त्यांची हरकत नसते. लपवलेला प्रोग्राम सापडला की मात्र त्यांचं डोकं फिरतं. त्याच्या आत काय आहे हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तो प्रोग्राम आणणाऱ्याच्या नावावर काय वाटेल ते करू शकतो.

यंदा तपासणी होती. 'लोकांच्या फोल्डरांतून बाहेरचा एकही प्रोग्राम चालत नाही' या कागदावर बाईंची सही हवी होती. ते खोटं निघालं तर नोकरी त्यांची जाणार. शोधले तेव्हा टिंबाआड लपवलेले तेवीस सापडले. बाईंनी सूचना काढली: टिंब म्हणजे काय, लपलेलं कसं शोधायचं, कसं काढून टाकायचं. आठवड्याने पुन्हा मोजले. अठ्ठावन्न.

लोक सूचना वाचून लपवायला शिकले होते.

"काका, हे काय आहे?" त्यांनी सर्वांत जुन्या आरेखकांना विचारलं.

"नकाशांची नावं आपोआप बदलतं. भाच्याने दिलंय."

"आधी उघडं होतं. आता टिंब कशाला?"

"तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून."

"फार उपकार झाले!"

बाई तडक साहेबांकडे गेल्या. "सर, या फोल्डरांतून कुठलाच प्रोग्राम चालणार नाही, अशी एक ओळ संगणकात घालते. पाच मिनिटांचं काम."

"लोक बोंब मारतील. तुम्ही सही करून टाका ना."

बाईंनी कागदावरचं 'बाहेरचा एकही' खोडून 'बाहेरचे अठ्ठावन्न' आणि 'चालत नाही' खोडून 'चालतात' लिहिलं, सही केली आणि यादी जोडून कागद पुढे सरकवला.

साहेबांनी यादी वाचली. "यात माझे तीन आहेत."

"हो."

"ते कामाचे आहेत हो!"

"अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न कामाचेच आहेत, सर."

साहेबांनी कागद फाडला. "घाला तुमची ओळ. नवा कागद आणा."

दुपारी काका दारात हजर. "बाई, भाच्याचं ते बंद पडलंय."

"माहितीये. बसा. नावं कशी बदलायची ते सांगा, मी तसा प्रोग्राम लिहून देते."

काका बसले. त्यांच्या मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि तिच्यात साहेब चौथे होते.