नळीतली साय

माझा धाकटा भाऊ सुधीर मधुमेहाच्या गोळ्या मनाला येईल तेव्हा घ्यायचा. एका सकाळी मी त्याला हट्टाने रक्त तपासायला नेलं. थोड्या वेळाने तिथल्या बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि काचेची नळी उजेडात धरली. तळाशी लाल रक्त बसलं होतं. त्यावर पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे सायीसारखं दाट पांढरं काहीतरी होतं.

"सकाळी काही खाल्लंत?"

"काल संध्याकाळपासून फक्त पाणी," सुधीर म्हणाला.

"तरी ही चरबी रक्तातच आहे. इन्सुलिन कमी पडलं की नुसती साखरच नाही, तर खाल्लेलं तूप-तेलही रक्तातून हलत नाही."

सुधीर स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, हे आत्ता माझ्या अंगात फिरतंय?"

मी त्याचा हात धरला. तो नेहमीसारखाच उबदार होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

इन्सुलिन सुरू झालं. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा वरचं पाणी नितळ होतं. सुधीर आता पूर्वीसारखा गप्पांत रंगतो. मी मात्र ऐकता ऐकता त्याच्या गळ्याजवळ उडणारी शीर बघत बसते.