पाहुण्यांसाठी रंगवलेला पूल

"मॅडम, कसा दिसतोय?" चाळ कमिटीचे सेक्रेटरी तावडेकाका अभिमानाने विचारत होते. मी कपाळावर हात मारला. कॉटन ग्रीनचा जुना लाकडी रेल्वेपूल चॉकलेटी ऑइल पेंटने चकाकत होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि हेरिटेज समितीची गाडी गल्लीत शिरली होती.

मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट. एखादं जुनं बांधकाम का राखायचं, ते पुराव्यानिशी पटवून देणं हे माझं काम. या पुलावरून पूर्वी कापसाच्या वॅगन नाला ओलांडून गोदामांकडे जायच्या. रूळ केव्हाच उखडले, आता चाळीतली माणसं ये-जा करतात. तिथे काँक्रीटचा पूल बांधायचा प्रस्ताव होता. आज समितीला पटलं नाही, तर आमचा पूल पाडणार हे नक्की.

माझी सगळी भिस्त सुतारांच्या खुणांवर होती. ते सुतार अख्खा सांगाडा आधी यार्डात जोडून बघत. खांब आणि तुळई जिथे जुळत, तिथे दोन्हींवर छिन्नीने सारखीच खूण करत. मग सगळं सुटं करून जागेवर पुन्हा उभं करत. या खुणा आजही समोरासमोर असतील, तर लाकूड मूळचं.

"पाहुणे येणार तर घर तसंच ठेवायचं काय?" तावडेकाका म्हणाले. "पोरांनी फटीपण लांबी-पुट्टी भरून बुजवल्यात."

"अहो काका, खुणा तिथेच होत्या!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यांचा चेहरा पडला.

प्रस्तावाच्या बाजूचे इंजिनिअर तुळईवर टकटक करून हसले. "हे तर नवं फर्निचर वाटतंय. सर, मूळचं लाकूड केव्हाच बदललंय."

समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "फोटो पाहिलेत मी रिपोर्टमध्ये. खूण प्रत्यक्ष दाखवा."

"एक जोड साफ करू द्या, सर."

"एकच. आणि लाकडाला ओरखडा नको."

मी अंदाजाने एक खांब निवडला. तावडेकाकांनी थिनरचं फडकं फिरवलं. हळूहळू खांबावर एक फुली आणि दोन रेघा दिसल्या. मग तुळई पुसली. तिथे काहीच नव्हतं. इंजिनिअरसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"थांबा ओ, लांबी बसलीय आत," तावडेकाका पुटपुटले. त्यांनी आगकाडीच्या टोकाने ती हलकेच उकरायला सुरुवात केली. एक रेघ निघाली. दुसरी निघाली. मग फुली. अध्यक्षांनी दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "मूळचं आहे." मला रडूच आलं.

पूल हेरिटेज यादीत गेला. अट एकच: सगळा रंग हाताने, माझ्या देखरेखीखाली काढायचा. चाळीतल्या पोरांचे कित्येक रविवार त्यात गेले आणि पोरांबरोबर माझेही.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले, की वास्तू पाडायला निघालेल्यांना मी नंतर भेटते. तिच्यावर जीव असलेल्यांना आधी गाठते.