प्लास्टिकातला फॉर्म सोळा

घनश्यामभाऊ कुठल्याही कचेरीत शिरताना चपला बाहेर काढत. कागद कधी दुमडत नसत. महत्त्वाचा कागद हाती आला की आधी लॅमिनेशन करून आणत. लग्नाची पत्रिकाही त्यांनी तशीच जपली होती. वयानं वडिलांएवढे, पण मित्र माझे.

देवळीच्या एका शाळेत ते शिपाई होते. मुलीच्या, अंकिताच्या, नर्सिंगच्या कर्जासाठी बँकेला त्यांचं आयकर रिटर्न हवं होतं. त्यासाठी शाळेनं दिलेला फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा नि कापलेल्या कराचा दाखला, त्यांनी मुख्याध्यापकांची सही घेण्याआधीच प्लास्टिकात बंद केला.

"याच्यावर सही काय खिळ्यानं करू, घनश्याम?" मुख्याध्यापक म्हणाले. "आता सोताले बी लॅमिनेशन करून घे!"

सगळे हसले. भाऊही हसले. दुसरी प्रत मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

घरी ब्लेडनं प्लास्टिक सोलताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

तेरवीनंतर मी शाळेत गेलो. कार्यालयातल्या बाबूंनी संगणकाचं बटण दाबलं आणि लगेच दुसरी प्रत निघाली. ती आता कोणाच्याच कामाची नव्हती.

पहिला कागद अंकिताकडे आहे. प्लास्टिक भाऊंच्या नावापर्यंतच सुटलं आहे.