समोरच्या टाकीतला आमचा मासा

समोरच्या सलूनमध्ये समुद्रातल्या माशांची टाकी आली आणि आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. समोरचा म्हणजे बारक्या. त्याला कात्री धरायला ह्यांनीच शिकवलं होतं. आता गिऱ्हाइकं त्याच्याकडे नंबर लावून बसत आणि ह्यांच्या सलूनमधल्या खुर्च्या रिकाम्या. "मासे बघायला जातात मेले, केस कापायला नाही," हे फणफणायचे.

मग ह्यांनीही टाकी आणली. पाण्यात मीठ कालवलं, समुद्रातले दगड रचले, पंप लावला, निळा दिवा लावला. मासेवाल्या दुकानदाराने बजावलं होतं, "इतक्यात मासा सोडू नका. आधी दगडांवर जंतू वाढू देत, तेच माशाची घाण पचवतात. नाहीतर पाण्याचं विष होईल." ह्यांनी नुसती मान डोलावली. पण गिऱ्हाइकं थट्टा करायला लागली. "मामा, दगडांना खायला काय घालता?" एकाने विचारलं मात्र, हे तडक जाऊन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा इवलासा मासा घेऊन आले. मी नको नको म्हणत होते. जळणारा माणूस ऐकतो थोडाच!

दोन दिवसांत मासा वर येऊन धापा टाकू लागला. निम्मं पाणी बदललं, फरक शून्य. जंतू वाढून मुरलेली टाकी आख्ख्या रस्त्यावर एकच होती, बारक्याची. हे दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी माशाची बादली उचलली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, रस्ता ओलांडला. त्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते.

"द्या मामा इकडे," एवढंच बारक्या म्हणाला. टोचून एक शब्द बोलला नाही. तेच ह्यांना जास्त लागलं.

मासा जगला. आता घाई करायची ह्यांची छाती होईना, त्यामुळे आमची टाकी मुरायला कितीतरी महिने गेले. मग हे बादली घेऊन मासा आणायला गेले, तर त्याने बारक्याच्या टाकीतल्या तसल्याच एकुलत्या नारिंगी माशाशी जोडी जमवलेली. दगडाच्या कपारीत अंडी होती आणि आमचा मासा त्यांना परांनी वारा घालत होता.

"न्या की मामा, तुमचाच आहे."

हे रिकामी बादली घेऊन परत आले. "कसा आहे?" मी विचारलं.

"सुखात आहे मेला!"

तेव्हापासून हे रोज समोर जातात. नुसतं बसायची लाज वाटते, म्हणून दाढीही तिथेच करून घेतात.