शंख वाजेपर्यंतची शक्ती

माझ्या मुलाने कॉम्प्युटरवरच्या खेळात आपल्या सुपरहीरोला मरणच येऊ नये अशी काहीतरी युक्ती मित्राकडून मिळवली. थोडा वेळ तो भिंती फोडत हिंडला आणि मग म्हणाला, "आई, बोअर आहे गं हा गेम." आदल्या आठवड्यात याच खेळापायी तो जेवायला उठत नव्हता. मला नवल वाटलं नाही. हे मी कोलकात्यात बालीगंजच्या एका गच्चीवर शिकून बसले होते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वडील बँकेत, पुण्याहून बदली झालेली. आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. शाळा सुटली की इमारतीतली सगळी मुलं गच्चीवर जमत. कॉमिक्स वाचून आम्ही एक खेळ केला होता. खलनायिका कैद्यांना टाकीच्या पाइपाला गमछ्याने बांधून पहारा करी आणि सुपरहीरोने त्यांना सोडवायचं. खलनायिकेने शिवलं तर जिन्याच्या दारापासून पुन्हा सुरुवात. खलनायिका म्हणजे घरमालकांची नात. माझ्याहून मोठी, म्हणून दीदी.

मी कायम कैदी. कारण साधं होतं. कोलकात्यात हिवाळ्यात पाचलाच अंधारतं. आईचा अंदाज पुण्याचा, तो रोज चुके. म्हणून तिने ठरवून टाकलं, की खालच्या मजल्यावर दीदीच्या ठाकुमांनी, म्हणजे आजीने, संध्याकाळचा शंख फुंकला की मी घरी शुभंकरोतीला हजर पाहिजे. खेळ अर्धा टाकून पळणाऱ्या मुलीला सुपरहीरो कोण करणार? आणि बांधून घेऊन बसणं मला जमत नसे. पाय शिवशिवत, मी गाठीशी झटापट करी, पाइप खडखडे.

शेवटी मीच म्हटलं, "माझी शक्ती शंखापर्यंतच. शंख वाजला की संपली. तोवर सगळे सुटले नाहीत, तर उद्यापासून मी पुन्हा कैदी, तक्रार नाही."

दीदी हसली. "बर्गीची शक्ती! बघू." बर्गी म्हणजे बंगालवर चालून गेलेले जुने मराठे स्वार. त्यांच्या नावाने तिथे लहान मुलांना भीती घालतात, मला मात्र हाक मारत.

आईची शाल पाठीला बांधून मी सुपरहीरो झाले. आणि खेळ एकदम बदलला. आता सगळ्यांचेच कान खालच्या मजल्याकडे. कैदी ओरडत, "लवकर, लवकर!" मी रोज जेमतेम जिंकत होते.

एक दिवस दीदी पाणी प्यायला म्हणून खाली गेली, परत आली, आणि लगेच शंख वाजला. एक कैदी अजून बांधलेला होता.

"शक्ती संपली," दीदी म्हणाली.

"ऊन आहे अजून!"

"नियम तुझाच. शंख वाजला."

ठाकुमांना मोतीबिंदू होता. दिवेलागण झाली का, हे त्या नातीलाच विचारत. माझ्या ते लक्षात आलं, पण सिद्ध कसं करणार? तेवढ्यात आई मला न्यायला वर आली आणि थबकली. तिने वाळत घातलेल्या गोधडीवर हात ठेवला.

"गोधडीला ऊन आहे की अजून! मी उगाच निरांजन लावून बसले. खेळ तू."

दीदी चिडली. "तुझी आई खेळात नाही!"

"मग तुझी ठाकुमा कुठे खेळात आहे?"

मुलं हसली. दीदी पुन्हा शंख वाजवून घ्यायला खाली धावली, पहारा सुटला, आणि मी शेवटची गाठ सोडली. खालून ठाकुमांचा आवाज ऐकू आला. एकदा फुंकलेला शंख पुन्हा कशाला, म्हणून त्या नातीला झापत होत्या.

म्हणजे त्या संध्याकाळी शंख वाजणारच नव्हता. माझी शक्ती संपणार नव्हती. सगळे सुटलेले, दीदी रुसून घरात. मी शाल फडकवत गच्चीभर धावले, टाकीवर चढले, उतरले, परत चढले. कोणी बघतसुद्धा नव्हतं. अंधार पडायच्या आत मी आपली आपण घरी गेले. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी मी नवा नियम मांडला. संध्याकाळ झाली हे ठाकुमांना माझ्या आईने सांगायचं. दीदी म्हणाली, "म्हणजे तुझ्याच सोयीने?" तिला माझी आई माहीत नव्हती.

आईने आकाश पाहिलं, जिन्यातून मोडक्या बंगालीत ठाकुमांना हाक दिली, आणि शंख वाजला. शेवटच्या कैद्याची गाठ माझ्या हातात होती, अर्धी सुटलेली. मी गोधडीकडे पाहिलं. ऊन गेलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दीदीने मला पाइपाला बांधलं, जरा जास्तच आवळून. माझे पाय नेहमीसारखेच शिवशिवत होते. शाल दुसऱ्याच कोणाच्या पाठीवर होती आणि मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "लवकर! आई आकाश बघतेय!"