गर्दीवालीची आई

आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत तिला सगळे गर्दीवाली म्हणतात. नायक-नायिकांचे टपोरे डोळे काढणारे वेगळे. ही मागची माणसं काढते. मी शेजारच्या टेबलावर रंग भरतो, त्यामुळे आठ वर्षांत तिच्याबद्दल जे कळायचं ते मला न विचारताच कळलं आहे.

सध्या आम्ही जी अ‍ॅनिमे मालिका करतोय ती मेल्यानंतरच्या शहरात घडते. शहर कसलं, राखाडी गल्ल्या आणि रांगा. सूर्य नाही, सावल्या नाहीत, दारं आहेत पण उघडत नाहीत. रांग कशाची हे कुणालाच माहीत नाही, आणि ती पुढे सरकत नाही. नायक तेवढा तिथून निसटणार. बाकीच्यांनी शेवटच्या भागापर्यंत उभं राहायचं. मला विचाराल तर असल्या ठिकाणी जाण्यापेक्षा मेलेलं बरं.

गेल्या वर्षी गर्दीवालीची आई गेली. लॉन्ड्रीत इस्त्री करायची, चाळीस वर्षं उभ्याने. शेवटी गुडघ्यांनी इतकं छळलं की दोन जिने चढताना चारदा थांबायची. महिनाभराने गर्दीवालीने रांगेत एक म्हातारी काढली: ठेंगणी, कंबरेवर हात, सगळा भार उजव्या पायावर. मी ओळखलं. तिला आई रोज दिसायला हवी होती, एवढंच.

पण गर्दी कुणी पुन्हा पुन्हा काढत बसत नाही. एकदा काढलेली माणसं एका फाइलमध्ये ठेवतात आणि हवी तिथे डकवतात. सहाव्या भागापर्यंत आई सतरा रांगांत उभी होती.

"आयुष्यभर उभीच होती," गर्दीवाली मला म्हणाली, "आता मीच परत उभी केली. अक्कल गहाण ठेवली होती मी."

मूळ फाइलमध्ये बदल केला की तो सगळीकडे होतो. तिने आईला एक स्टूल दिलं. त्या दिवशी सतराही ठिकाणी आई खाली बसली, आणि गर्दीवालीने बऱ्याच महिन्यांनी डबा संपवला.

आमच्या दिग्दर्शकाची नजर घारीची. तपासणीत त्याने चित्र थांबवलं.

"ही कोण बसलीये?"

"रांगेतलीच आहे."

"मेलेली माणसं दमत नाहीत. एकीला बसवलं तर बाकीचे उभे का, असं विचारतील लोक."

"मग बाकीच्यांनाही बसवते."

"मग शहर भकास कुठे राहिलं?" तो शांतपणे म्हणाला. "स्टूल पुसून टाका. आजच."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मला त्याचा राग आला.

जागेवर आल्यावर मी तिला म्हटलं, "पुसून टाक ना. चित्र तर आहे."

"हो, चित्रच आहे," ती म्हणाली. "पण तिला पुन्हा ऊठ म्हणायला जीभ रेटत नाही रे."

तिने आधी आई पुसली, मग स्टूल.

असं कुणी गाळलं की मागच्या माणसाला एक पाऊल पुढे घ्यायचं असतं. पाच मिनिटांचं काम. ते तिने अजून केलेलं नाही. दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटलं नसणार, पण तोही काही बोललेला नाही. सतरा रांगांत एकेक माणूस मावेल एवढी जागा तशीच आहे, आणि प्रत्येक रांगेतला मागचा माणूस ती सोडून उभा आहे.